त्यांचे पळते, आपले चालते

इंग्रजीतला सगळ्यात भारी शब्द कोणता, असे घरात विचारून पाहावे. शाळेत जाणारा मुलगा स्पेलिंग स्पर्धेसाठी पाठ केलेला एखादा लांबलचक शब्द पुढे करील. महाविद्यालयातली मुलगी वैद्यकशास्त्रातला एखादा लॅटिन वळणाचा शब्द सांगेल. आजोबांना त्यांच्या काळच्या इंग्रजीच्या मास्तरांनी फळ्यावर लिहून दिलेला एखादा शब्द अजून आठवत असेल. कोशकारांचे उत्तर मात्र या साऱ्यांची निराशा करणारे आहे. ज्या शब्दाचा अर्थ लावताना त्यांना सर्वांत जास्त घाम फुटला, तो इंग्रजीत अवघ्या तीन अक्षरांचा आहे आणि पहिलीतल्या मुलालाही येतो. तो शब्द म्हणजे ‘रन’, म्हणजे पळणे किंवा धावणे.

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ हा इंग्रजीचा सर्वांत मोठा कोश. त्यात या क्रियापदाची सुधारलेली नोंद २०११ मध्ये तयार झाली, तेव्हा एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. ‘रन’ हे नाम त्यात धरलेले नाही. या एका शब्दावर पीटर गिलिव्हर हे संपादक नऊ महिने बसून होते. नऊ महिन्यांचे महत्त्व मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको! त्याआधी, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत, पहिला मान ‘सेट’ या अशाच तीन अक्षरी क्रियापदाला होता. त्याचे सुमारे ४३० अर्थ होते आणि नोंद ६०,००० शब्दांची होती. एखादी बेताची कादंबरी होईल एवढा तो मजकूर. मधल्या काळात ‘मेक’ आणि ‘पुट’ यांनीही काही काळ आघाडी घेतली. म्हणजे ज्या शब्दांसाठी आपण कधी कोश उघडत नाही, नेमके तेच कोशात सर्वांत जास्त जागा अडवून बसलेले असतात.

हे असे का व्हावे? त्याचे उत्तर तो कोश ज्या रीतीने तयार झाला, त्या रीतीत आहे. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत या कामाची जुळवाजुळव १८५७ साली सुरू झाली. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी संपादकपद स्वीकारले, १८८४ मध्ये पहिला भाग छापून निघाला आणि शेवटचा भाग १९२८ साली बाहेर पडला. मरे १९१५ मध्येच वारले होते. मरे यांची पद्धत साधी होती. चार विद्वान एका खोलीत बसवून शब्दांचे अर्थ ठरवायचे नाहीत, लोकांनी तो शब्द कुठे, कसा वापरला याचे दाखले गोळा करायचे आणि त्यांतून अर्थ वेचायचे. त्यासाठी त्यांनी सामान्य वाचकांना आवाहन केले. आपण वाचत असलेल्या पुस्तकातले वाक्य एका चिठ्ठीवर उतरवायचे आणि ती चिठ्ठी टपालाने पाठवायची. अशा लाखो चिठ्ठ्या आल्या. मरे यांच्या आवारातल्या लोखंडी पत्र्याच्या खोलीत खणाखणांतून त्या रचल्या गेल्या. संपादकाचे काम निवडणाऱ्याचे, तांदूळ निवडावेत तसे. हा दाणा या ढिगात, तो दाणा त्या ढिगात.

तेव्हा ‘रन’चे ६४५ अर्थ कुणा पंडिताने बहाल केलेले नाहीत. माणसे आपापल्या कामात होती आणि समोरच्या नव्या गोष्टीला काय म्हणावे ते सुचत नव्हते, म्हणून त्यांनी घरातलाच जुना शब्द पुढे ढकलला. खलाशाचे जहाज वाऱ्याबरोबर ‘रन’ करू लागले आणि खडकावर चढले तरीही ‘रन’च झाले. चोरटा माल किनाऱ्याला लावणाऱ्यांनी त्यालाही तोच शब्द वापरला. पुढे वाफेची यंत्रे आली, तेव्हा ती ‘रन’ होऊ लागली. रुळांवरची आगगाडी, छापखान्यातले यंत्र, विजेची मोटार, पडद्यावरचा सिनेमा आणि शेवटी संगणकातला प्रोग्रॅम, सगळ्यांना तोच शब्द. ‘सेट’ मागे पडून ‘रन’ पुढे का गेला, याचे एक कारण इथेच असावे. मांडणे, बसवणे, ठेवणे हे स्थिर जगाचे क्रियापद आहे. गेल्या दोनअडीचशे वर्षांचे जग यंत्रांचे, आणि यंत्राला हलते क्रियापद लागते.

आता हा शब्द एखाद्या इंग्रजी घरात सकाळच्या प्रहरी काय काय कामे करतो ते पाहू. आंघोळीसाठी टबात पाणी सोडले, ‘रन’. नळ उघडा राहिला, ‘रन’. धाकट्याचे नाक वाहू लागले, ‘रन’. त्याच्या अंगात ताप आहे, तोही ‘रन’च करायचा. नव्या सदऱ्याचा रंग गेला, दूध संपले, निघायला उशीर झाला, दर दहा मिनिटांनी बस सुटते, वाटेत जुना मित्र अचानक भेटला, वाण्याची उधारी चढली, वर्तमानपत्राने बातमी छापली, नदीच्या काठाने रस्ता जातो, या सगळ्या ठिकाणी तोच एक शब्द, कधी एकटा, कधी एखादे शेपूट लावून. अमेरिकेत निवडणुकीचा उमेदवारसुद्धा ‘रन’ करतो. इंग्लंडमध्ये मात्र तो उभा राहतो, आणि आपल्याकडेही उभाच राहतो.

वरचे वाक्य पुन्हा वाचले तर एक गंमत लक्षात येईल. इंग्रजीने जिथे एका शब्दावर भागवले, तिथे मराठीने दर वेळी वेगळे क्रियापद काढले. पाणी सोडले, नाक वाहिले, रंग गेला, दूध संपले, बस सुटली, उधारी चढली. यात कुणी श्रीमंत, कुणी दरिद्री असे नाही. प्रत्येक भाषेची कामे वाटून देण्याची रीत वेगळी. एखाद्या घरी एकच जुना गडी स्वयंपाकापासून बागेपर्यंत सारे पाहतो, तर दुसऱ्या घरी प्रत्येक कामाला वेगळे माणूस असते. पण एका घरची कामाची यादी घेऊन दुसऱ्या घरी गेले की गोंधळ होणारच.

हा गोंधळ आपल्या मुलांच्या वह्यांत रोज पाहायला मिळतो. त्यांना ‘समानार्थी शब्द’ या नावाने याद्या पाठ करायला लावतात. इंग्रजीत अशा शब्दांचा सर्वांत प्रसिद्ध संग्रह म्हणजे पीटर मार्क रॉजे यांचा ‘थिसॉरस’. व्यवसायाने वैद्य असलेल्या या गृहस्थांनी तो १८५२ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर प्रसिद्ध केला. आपल्याकडे तर अमरकोशाची परंपरा कितीतरी जुनी. पण रॉजे यांनी शब्द अर्थाच्या गटांत लावले होते, ते मनात असलेला नेमका शब्द सापडावा म्हणून. एका शब्दाच्या जागी दुसरा कोणताही चालतो, असा त्याचा अर्थ नव्हे. ‘रन’ला ‘मॅनेज’ हा समानार्थी शब्द आहे, हे दुकानापुरते खरे. नदी काही ‘मॅनेज’ करत नाही. ‘फ्लो’ हा समानार्थी शब्द नदीपुरता खरा, पण दुकान ‘फ्लो’ होत नाही. ‘ऑपरेट’ यंत्राला ठीक, पण सशाने ‘ऑपरेट’ केले असे कुणी लिहिले तर बिचाऱ्या सशाची धडगत नाही. समानार्थ असतो तो शब्दाच्या एखाद्या अर्थाला, सबंध शब्दाला नव्हे. एवढे जरी शिक्षकांनी वर्गात सांगितले, तरी याद्या पाठ करण्याचा अर्धा त्रास वाचेल.

आणि अगदी जवळचे म्हणून सांगितलेले शब्दसुद्धा जवळ उभे केले की एकमेकांपासून अंग चोरतात. आपले धावणे आणि पळणे घ्या. दोन्हींत पाय तेवढेच वेगाने उचलले जातात. पण संकटात शेजारी धावून येतो आणि चोर पळून जातो. भक्तासाठी देव धावतो, पळत नाही. मुलगी पळून गेली यात जे आहे, ते मुलगी धावत गेली यात अजिबात नाही. धावण्याला पुढे काहीतरी असते, पळण्याला बहुधा मागे काहीतरी असते. दोघांचा जोड केला की ‘धावपळ’ होते, आणि त्यात पुढचे-मागचे सगळेच येते. शिवाय पळण्याचीच आणखी रूपे आहेत. कुणी धूम ठोकतो, कुणी पोबारा करतो, कुणी पसार होतो, कुणी काढता पाय घेतो. काढता पाय घेणारा तर मुळी धावतही नाही. तो घड्याळाकडे बघत, हसत, चपला शोधत निघतो. हे सारे ‘रन’च्या पुढे मराठी प्रतिशब्द म्हणून एका ओळीत छापता येतील, पण वाक्यात त्यांची अदलाबदल करून पाहावी!

मात्र ‘रन’चे मराठीतले खरे भावंड शोधायचे तर ते धावणेही नव्हे आणि पळणेही नव्हे. ते आहे चालणे. इंग्रजांचे यंत्र पळते, आपले चालते. त्यांचा कारखाना, दुकान, सिनेमा, संस्था, खटला, सारे पळते किंवा कुणीतरी पळवते. आपल्याकडे कारखाना चालतो, दुकान चालते, सिनेमा पंचवीस आठवडे चालतो, संस्था चालवतात, खटला चालवतात, मोटारही चालवतात, मग ती ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने का असेना. त्यांच्या कुटुंबात एखादा गुण पळतो, आपल्या घराण्यात तो चालत आलेला असतो. यावरून इंग्रज घाईचा आणि आपण संथ, असा घाईचा निष्कर्ष मात्र काढू नये. दोन्ही शब्दांच्या मुळाशी हालचाल आहे, वेग नंतरचा. पैशाच्या शब्दांत ते छान दिसते. लॅटिनमध्ये ‘कुर्रेरे’ म्हणजे धावणे. त्यापासून ‘करंट’ आला आणि ‘करन्सी’ही आला. आपल्याकडे ‘चल्’ या संस्कृत धातूपासून ‘चलन’ आले. बँकेतले ‘करंट अकाउंट’ म्हणजे मुळात धावते खाते. मराठीत त्याला आपण म्हणतो चालू खाते. कोणी योजून केले असो वा नसो, इतका चपखल प्रतिशब्द क्वचितच सापडतो.

चालण्याचे अर्थ मोजायला बसावे तर कोशकाराचे नऊ महिने इथेही जातील. डोके चालते, जीभ चालते, ‘हात चालव’ म्हणून कामाला घाई करता येते, ‘चालता हो’ म्हणून माणसाला घालवता येते. चालू वर्ष वेगळे आणि चालू माणूस वेगळा. गाण्याला चाल असते, बुद्धिबळात चाल असते आणि शत्रू चाल करून येतो. शिवाय पाहुण्याला “चहा चालेल?” असे विचारले आणि तो “चालेल” म्हणाला, तर त्या एका शब्दात होकार, संकोच आणि ‘फार त्रास घेऊ नका’ हे तिन्ही असते. ते ना ‘रन’मध्ये आहे, ना ‘वॉक’मध्ये.

बँकेत कर्जाच्या अर्जांवर शेरे लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून या क्रियापदाची ताकद मला अनुभवाने ठाऊक आहे. तालुक्याच्या गावी एखाद्या दुकानाची पाहणी करायला जावे, तेव्हा अर्जावरचा इंग्रजी रकाना एवढेच विचारी की धंदा ‘रनिंग’ आहे का. शेजारचा पानवाला त्याचे उत्तर फार नेमके देई. “साहेब, दुकान चालू आहे, पण चालत नाही.” पाच-सहा शब्दांत साऱ्या ताळेबंदाचे सार! फळी रोज उघडते, पण गिऱ्हाईक नाही. ‘चालू असणे’ आणि ‘चालणे’ यांत मराठीने जो फरक ठेवला आहे, तो कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने लाख मोलाचा आहे. आमच्या व्यवहारातली बाकीची मराठी क्रियापदेही अशीच बोलकी. धनादेश वटतो, व्याज चढते, हप्ता थकतो, कर्ज बुडते. हप्ता ‘थकतो’ म्हणणाऱ्या माणसाने माणसाचा थकवा पैशाला दिला. त्यापासूनच थकबाकी झाली, आणि हा शब्द कुणी समिती नेमून घडवला असेल असे वाटत नाही.

इंग्रजीतही बँकेच्या संबंधात ‘रन’चा एक भयंकर उपयोग आहे, नाम म्हणून. ठेवीदारांचा विश्वास उडाला आणि सगळे एकदम पैसे काढायला निघाले की त्याला बँकेवरचा ‘रन’ म्हणतात. जुन्या काळी माणसे खरोखरच धावत जात. २००७ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांपुढे जी गर्दी झाली, ती धावत नव्हती, शिस्तीत रांगा लावून उभी होती. आणि २०२३ च्या ९ मार्चला अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेच्या ग्राहकांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा बहुतेकांना खुर्चीवरून उठावेही लागले नाही. संगणकावर आणि फोनवर बोटे फिरली, तेवढेच. कुणी धावले नाही, तरी शब्द टिकला. क्रिकेटमध्येही तेच. चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागेवर उभा असतो आणि त्याच्या नावावर चार ‘रन’ जमा होतात.

क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर आपल्याही एका यशाची नोंद केली पाहिजे. ‘रन’ला मराठीत ‘धाव’ म्हणायचे ठरले, तेव्हा नवा शब्द घडवावा लागला नाही. धाव घेणे होतेच, बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्टीलाही धाव म्हणत होतेच. त्याच शब्दाला एक काम वाढवून दिले. धावा, धावसंख्या, धावफलक, धावबाद. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांच्या आवाजात आकाशवाणीवरून हे शब्द घरोघरी गेले आणि आज ते कुणाला जड वाटत नाहीत. इंग्रजांनी ‘रन’च्या बाबतीत जे शेकडो वर्षे केले, तेच इथे झाले. घरातल्या शब्दाला बाहेरच्या जगात नोकरी लावली.

दुर्दैवाने हे उदाहरण एकाकी पडत चालले आहे. भाषेत परके शब्द येण्याची मला भीती वाटत नाही. टेबल, स्टेशन, तिकीट, पेन यांनी मराठीचे काही बिघडवले नाही. आलेली वस्तू आपले नाव घेऊन आली, एवढेच. आपल्याकडे भाषाशुद्धीचे जे प्रयत्न झाले, ते शिवकालातल्या राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘दिग्दर्शक’ या शब्दांपर्यंत बहुतांशी नामांच्या भोवतीच फिरले. पहारा पुढच्या दारावर होता. क्रियापदे मागच्या दाराने जाऊ लागली, तिकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

त्यांची जाण्याची रीत अशी. कोणतेही इंग्रजी क्रियापद उचलायचे आणि त्याच्यापुढे ‘करणे’ जोडायचे. मिस करणे, मॅनेज करणे, एन्जॉय करणे, चेंज करणे, हँडल करणे. ‘करणे’ हा इतका सोशिक शब्द आहे की कोणतेही ओझे वाहतो. पण प्रत्येक वेळी आपली किती माणसे घरी बसतात, ते पाहा. मराठीत गाडी चुकते. शाळा बुडते. संधी हुकते. आणि माणूस दूर गेले की त्याच्यावाचून करमत नाही. ही चार क्रियापदे, चार वेगवेगळी दुःखे. गाडी चुकण्यात हळहळ आहे, शाळा बुडवण्यात थोडी मजाही आहे, संधी हुकण्यात नेम चुकल्याची चुटपुट आहे. आणि न करमण्यात तर सारे घर रिकामे झाल्याचे दुःख आहे. आता आपण गाडी मिस करतो, लेक्चर मिस करतो, चान्स मिस करतो आणि परदेशी गेलेल्या मुलालाही मिसच करतो. तसेच ‘मॅनेज’चे. घरखर्च भागवायचा असतो, वेळ निभावून न्यायची असते, माणसे सांभाळायची असतात, तोल सावरायचा असतो, चार पाहुण्यांचे एकाच दिवशी येणे जमवायचे असते. आईने जन्मभर या पाच गोष्टी पाच प्रकारे केल्या. मुलगी म्हणते, “आई सगळं मॅनेज करते.” कौतुक खरे आहे, पण त्या पाचांतले नेमके कोणते काम आईला जड गेले, हे त्या वाक्यातून कधीच कळणार नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे की भाषा बदलतेच, इंग्रजीने तर किती भाषांतून शब्द घेतले! अगदी खरे. पण घेताना तिने काय केले, तेही पाहावे. नॉर्मन राजवटीनंतर फ्रेंचमधून आणि पुढे लॅटिनमधून इंग्रजीत शब्दांचे लोंढे आले. राज्यकारभार, न्यायालय, पाककला यांचा बहुतेक शब्दसंग्रह उसना झाला. ‘ऑपरेट’, ‘कंडक्ट’ ही ‘रन’ची पाहुणी भावंडेही त्याच वाटांनी आली आणि राहिली. पण त्यांच्यामुळे ‘रन’ला घरी बसावे लागले नाही. उलट त्याचे काम शतकागणिक वाढत गेले. घरची लहान क्रियापदे त्यांनी कामावर ठेवली, म्हणून भाषा उसनी वाटली नाही.

आणि आपणही पूर्वी हेच करत होतो. अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांना मराठीने सरळ आपले प्रत्यय लावले. बदल आला, त्याचे बदलणे झाले. खर्च आला, खर्चणे झाले. तसेच फर्मावणे, आजमावणे. “बदलला”, “खर्चले”, “आजमावून पाहिले” असे म्हणताना ते शब्द बाहेरचे आहेत याची शंकाही येत नाही. आज ‘बदलणे’ हेच ‘चेंज करणे’पुढे माघार घेते आहे, हा दैवदुर्विलास. म्हणून एखादा कॉलेजातला मुलगा “गुगलून बघ” म्हणतो, तेव्हा वडीलधारी नाके मुरडतात, पण मला ते ‘सर्च करून बघ’पेक्षा कितीतरी जास्त मराठी वाटते. नाव परके, पण व्याकरण घरचे. त्या पोराने नकळत शिवकालीन कारकुनाची वाट धरली आहे.

‘-ऊन बघ’ या शेपटाला कमी लेखू नये. इंग्रजीत ‘रन’च्या मागे एखादा छोटा शब्द लागला की अर्थ पालटतो. तो ‘आउट’ लागला तर संपते, ‘ओव्हर’ लागला तर माणूस गाडीखाली येतो. मराठीत हेच काम दुसरे क्रियापद करते. तो बोलला. तो बोलून गेला, म्हणजे भान राहिले नाही. बोलून बसला, म्हणजे आता निस्तरावे लागणार. बोलून टाकले, म्हणजे मनावरचे ओझे उतरले. बोलून दाखवले, म्हणजे केलेल्या उपकाराची आठवण दिली. बोलून घेतले, म्हणजे समोरच्याने मुकाट ऐकले. एका कुटुंबाचा सारा कलह या पाच शेपटांत मावतो. ही यंत्रणा मराठी क्रियापदाला लागते तेव्हाच तिच्यात जीव असतो. ‘शेअर करून टाकले’ असे म्हणता येते, नाही असे नाही, पण त्यात शेअर मुका राहतो, बोलते ते फक्त शेपूट.

सगळा दोष इंग्रजीवर ढकलणेही बरोबर नाही. आपल्या सरकारी आणि कार्यालयीन मराठीने दुसऱ्या बाजूने तोच अन्याय केला. योजना ‘चालवायची’ नाही, ‘कार्यान्वित करायची’. यंत्र ‘चालवायचे’ नाही, त्याचे ‘परिचालन करायचे’. इथेही ओझे वाहायला बिचारे ‘करणे’च. एकीकडून इंग्रजी नाम आणि करणे, दुसरीकडून संस्कृत नाम आणि करणे, आणि मध्ये चालणे, लागणे, धरणे, सोडणे, घालणे ही सणसणीत घरची माणसे रिकाम्या हातांनी उभी. साधे क्रियापद वापरले तर आपण कमी शिकलेले दिसू, ही भीती दोन्हीकडे सारखी आहे. ज्या इंग्रजीच्या धाकाने आपण हे करतो, तिच्या कोशात सर्वांत मोठे आसन मात्र एका साध्या तीन अक्षरी क्रियापदाला आहे.

शब्द संग्रहालयात ठेवून टिकत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. लंडनमध्ये त्या मोठ्या कोशाची जुळवाजुळव सुरू झाली तेच हे वर्ष. पुढे दाते-कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड काढले. आपली क्रियापदे या खंडांत सुरक्षित आहेत, पण कोश हा फक्त हजेरीपट. कामावर घ्यायचे की नाही, हे बोलणाऱ्याने ठरवायचे. नळ, गाडी, फोन, संगणक यांच्याविषयी बोलताना दर वेळी आधी घरातले क्रियापद आठवून पाहावे. फोन लागतो, हे कुणी शिकवले नव्हते. प्लंबर मिळत नाही तेव्हा “तात्पुरतं चालवून घ्या” म्हणतो, हेही कुणी शिकवले नव्हते. असे आणखी पुष्कळ होऊ शकेल.

आज रविवार आहे, घरातली सगळी माणसे जेवायला एकत्र बसतील. मुलांना समानार्थी शब्दांची यादी म्हणायला लावू नका. त्यांना ‘लागणे’ हे एक क्रियापद द्या आणि त्याची किती कामे आठवतात ते विचारा. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागते, डोळा लागतो, आमटी तिखट लागते, घाटात गाडी लागते आणि पाहुण्याला “तुम्ही यांचे कोण लागता?” असेही विचारतात. हे दहा झाले. पुढचे मुले सांगतील, मुलांचे संपले की आजीला विचारा. तिच्या यादीतली दोन-तीन तरी घरात कुणी वर्षानुवर्षे वापरलेली नसतील. ती तेवढी आठवडाभर मुद्दाम वापरून पाहा.